गोसीखुर्दच्या पाण्यात एकट्यानं डाइव्ह : बडी (सोबत उतरणारा जोडीदार) नसेल तर उतरायचंच नाही का?

वैनगंगाकाठ :
माझं आजोळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. 1988 ला धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा आई शाळेत होती, घरं उठली तेव्हा मी कॉलेजात. मी तारकर्लीला नुकताच ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केलाय, 18 मीटरपर्यंतचं कार्ड आहे. आता पाटबंधारेवाल्यांची रीतसर परवानगी काढून जुन्या गावठाणावर एकदा उतरायचंय. खोली दहाएक मीटर असेल.

अडचण बडीची. आमच्याकडे दुसरा डायव्हर मिळत नाही. एक मित्र तयार आहे, पण त्याला मालवणला प्रशिक्षकानं धरून खाली नेलं, माशांसोबत फोटो काढला आणि वर आणलं, एवढीच त्याची पुंजी. माझं मत स्पष्ट आहे : असा बडी नेण्यापेक्षा एकटं बरं. तो घाबरला तर माझाच रेग्युलेटर, म्हणजे तोंडातली हवेची नळी ओढणार. बोला.

बोडीवाला :
कायले मराले जातेस गा? आमी ढिवर लोकं, जलम पान्यात गेला. तुया सिलिंडरात हवा किती का असंना, नायलॉनचं जाळं पायाले गुंडाळलं का मंग का करशीन? फाटलेले जाळे कोनी काढत नाई, ते खाली ठुठाले अडकून रायते. गढूळ पान्यात दिसतबी नाई. एक हात सोडवाले गेला का दुसरा हात अडकते. मी तं डोंग्यात मानूस असल्याबिगर पान्यात उतरतच नाई.

वैनगंगाकाठ :
भाऊ, चाकू असतो माझ्याजवळ. दोर कापायचं कटरही आहे.

खारं पाणी :
मी नागपूरचा, पण बरीच वर्षं समुद्रात शिकवतोय. बोडीवाले भाऊ पायाचं बोलले, त्यापेक्षा वाईट जागा मानेमागं आहे. जाळं बहुतेक वेळा सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकतं. तिथं तुमचा हात पोचत नाही आणि काय अडकलंय ते दिसतही नाही. पुढं ओढलं की फास आणखी आवळतो. तुमचा चाकू पोटरीला बांधलेला. बीसीडी, म्हणजे सिलिंडर बांधलेलं हवेचं जॅकेट, अंगातून काढून, समोर घेऊन, कापून पुन्हा घालायची, तेही तोंडातला रेग्युलेटर न सोडता. स्विमिंग पूलमध्ये जमतं हो. चिखलात, काही दिसत नसताना?

आता हवेचा हिशेब करा. 12 लिटरचं सिलिंडर 200 बार दाबानं भरलं की 2400 लिटर हवा. शांत माणूस मिनिटाला साधारण 20 लिटर घेतो. 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते, म्हणजे 40. घाबरलेला माणूस सहज तिप्पट ओढतो, म्हणजे 120. अडकलात तेव्हा काटा 100 बारवर असेल तर 1200 लिटर उरली. दहा मिनिटं. मागं उभा असलेला बडी तेच जाळं एका मिनिटात कापतो.

आणि एक. तारकर्लीला खाली जायला जेवढं वजन कमरेला बांधलं तेवढंच इथं बांधू नका. गोडं पाणी समुद्रापेक्षा कमी उचलतं. माणूस आणि सामान मिळून 100 किलो धरलं तर अडीच-तीन किलो कमी लागतं. नाहीतर सरळ गाळात बसाल, आणि गाळ उठला की आधीच नसलेली व्हिजिबिलिटी पार जाते.

स्वावलंबी :
बडी असला की सुरक्षित, हे सगळेच घोकतात. प्रत्यक्षात बोटीवर अनोळखी माणसाशी जोडी लावून देतात. तो कॅमेऱ्यात डोळे घालून पुढं जातो आणि तुम्ही त्याच्या मागं फरफटता. एकट्यानं डाइव्ह करणं हा काही वेडेपणा नाही. एसडीआय ही डायव्हिंग शिकवणारी संस्था त्यासाठी वेगळा सोलो कोर्स घेते. 21 वर्षं वय आणि नोंदलेल्या 100 डाइव्ह, ही अट. त्यात दुसरं छोटं सिलिंडर, वेगळा रेग्युलेटर, जादा मास्क, दोन ठिकाणी कापायची अवजारं हे सगळं शिकवतात. मुख्य नळी बंद पडली तरी हवा तुमच्याच अंगावर आहे.

शिवाय गोसीखुर्दला हात लांब केला तर बोटं दिसणार नाहीत. तिथं बडी दोन फुटांवर असून काय कामाचा? आपल्याकडे विहिरीत मोटर काढायला उतरलेला माणूस गॅसनं बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एकाच्या जागी तिघं जातात. न शिकलेला बडी तसाच.

खारं पाणी :
विहिरीचं बरोबर आहे. पण त्यातून निघतं ते असं की दुसऱ्यालाही तयारी हवी. दुसरा नकोच, असं कुठं निघतं? आणि तुम्ही सांगितलेला सोलो कोर्स 100 डाइव्हनंतरचा आहे. धागाकर्त्याचं कार्ड नुकतंच निघालंय. सोलोवाल्यांच्या नियमातसुद्धा ते बसत नाहीत.

पवनीची लेक :
तुम्ही सगळे जाळं आणि हवा धरून बसलात. त्या पाण्यात नागपूरचं सांडपाणी येतं, नाग नदीतून कन्हान, तिथून वैनगंगा. कन्हानपासून खालचं पाणी कसं दिसतं ते काठावर राहणाऱ्याला विचारा. रेग्युलेटर तोंडात असला तरी ओठाच्या कडेनं पाणी जातं, कानात तर जातंच. एकटे जा की दहा जण जा, माझ्या भावाला मी उतरू देणार नाही.

ट्यूबलेस :
एक भाबडा प्रश्न. सिलिंडर आपल्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल का?

खारं पाणी :
नाही! त्याचा कॉम्प्रेसर दहा-बारा बारचा, वर त्यात तेलाची वाफ. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरायचंही कुणी डोक्यात आणू नका. शुद्ध ऑक्सिजननं 6 मीटरच्या खाली झटके येऊ शकतात.

वैनगंगाकाठ :
घाण पाण्याचा मुद्दा मान्य, त्याचा विचार करतो. पण बडीवर अजून पटलेलं नाही. दिसतच नसेल तर तो माझ्या मानेमागचं जाळं कापणार कसा? आधी मला सापडायला हवा ना.

खारं पाणी :
म्हणूनच गढूळ पाण्यात शोध-बचाव पथकं वेगळी पद्धत वापरतात. पाण्यात एकच जण, त्याच्या अंगाला दोर, दोराचं टोक वर एका माणसाच्या हातात. ओढीच्या खुणा ठरलेल्या : किती झटके म्हणजे ठीक, किती म्हणजे अडकलो. आणि काठावर दुसरा डायव्हर पूर्ण सामान चढवून बसलेला. खूण आली की तो दोर धरून थेट तुमच्यापर्यंत येतो, शोधत बसत नाही. डोंग्यातला माणूस म्हणजे बोडीवाले भाऊ सांगतात तेच.

स्वावलंबी :
बुडालेल्या गावात दोर? विजेचे खांब, बाभळी, पडक्या भिंती. दोन वळणं घेतली की दोरच अडकणार. मोकळ्या नदीपात्रात ठीक आहे, गावठाणात दोर हाच सापळा.

बोडीवाला :
दोर ढिला सोडला तं अडकनच. धरनाऱ्याले ताण ठेवता आला पायजे, अन् घराच्या आंदर जायचंच नाई, वरूनच पायचं. डोंगा मी देतो, दोरबी मीच धरतो. तुया दोस्ताच्या हातात दोर देनार नाई.

वैनगंगाकाठ :
दोर धरायचा प्रश्न सुटला, भाऊ. पण काठावर सामान चढवून बसणारा दुसरा डायव्हर?

खारं पाणी :
तो मिळेपर्यंत नाही.

स्वावलंबी :
किंवा 100 डाइव्ह होईपर्यंत. तारकर्लीची तिकिटं काढायला लागा.

वैनगंगाकाठ :
नागपूर, चंद्रपूर, गोंदियाकडचं कुणी कार्डवालं वाचत असेल तर इथंच लिहा. पावसाळ्याआधी पाणी सगळ्यात खाली असतं, तेव्हाचं ठरवू. फक्त फोटोपुरते उतरलेले नकोत.