मदत हवी आहे: लिपोसोममध्ये डीएनए घातला की दही होतंय!

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिपोसोम म्हणजे लिपिडच्या (स्निग्ध रेणूंच्या) सूक्ष्म पिशव्या; त्यांच्यातून जनुक पेशीत पोचवायचं, हा माझा प्रोजेक्ट. सरांचं स्वप्न हिमोफिलियात (रक्त नीट न गोठण्याच्या आजारात) कमी पडणाऱ्या फॅक्टर ९ या प्रथिनाच्या जनुकाचं आहे, पण माझी गाडी अजून जीएफपीवरच (जनुक पोचलं का ते दाखवणाऱ्या, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरच) अडली आहे.

डोटॅप (धन प्रभाराचं लिपिड) आणि डोप (त्याला मदत करणारं लिपिड) समप्रमाणात क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवते, फिल्म सुकवते, पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) फुलवून १०० नॅनोमीटरच्या पडद्यातून ११ वेळा ढकलते. द्रावण छान निळसर दिसतं. त्यात प्लाझ्मिड (जीएफपीचं जनुक असलेला गोलाकार डीएनए) घातलं की पाच मिनिटांत विरजण लागल्यासारख्या गुठळ्या! एचईके पेशींत (माणसाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत) ४८ तासांनी शंभरात पाचसहाच हिरव्या दिसतात. सूक्ष्मदर्शकासाठी दर वेळी मिरजेला जाते, ते वेगळंच.

मी लिपिडचा धन आणि डीएनएचा ऋण प्रभार १:१ ठेवते. प्रभार फिटले की कण एकमेकांना ढकलत नाहीत, म्हणून चिकटत असावेत. ३:१ करून बघितलं तर गुठळ्या कमी झाल्या, पण निम्म्या पेशी मेल्या.

२०१८ साली मंजूर झालेल्या पॅटिसिरान या लिपिड-कणांतल्या औषधात आयनीकरण होणारं लिपिड आहे, रक्तात जवळपास प्रभारहीन राहणारं. आमच्या बजेटात ते बसत नाही, त्यामुळे ते सुचवू नका, प्लीज.

पीबीएसमधलं मीठ नडतंय का? ५ टक्के ग्लुकोजमध्ये मिसळू? आणि २:१ ला कुणाच्या पेशी तगल्यात? पेशींच्या खाद्यातलं सीरम किती तासांनी घालता? पुढच्या सोमवारी सरांना दाखवायचंय.