मैत्रीची कविता शोधायची कुठे?

हल्लीच्या तरुण कवींच्या संग्रहांत प्रेम भरपूर आणि मैत्री नावालाच, असं म्हणतात. मला हे पटत नाही. प्रेमभंगाच्या कविता नीट वाचा. त्यांत रात्री दोनला फोन उचलणारा, खोलीचं भाडं अर्धं भरणारा कुणीतरी असतोच. कवितेचा जीव पुष्कळदा त्याच्यातच असतो.

मराठी नवकवितेची एक वाटसुद्धा मैत्रीतूनच निघाली. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या कवी मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती छापून, काढायला घेतलं, तेव्हा चित्रे सोळाच्या घरात होते! आज तेच काम व्हॉट्सअॅपचा ग्रुप करतो. पहिला वाचक मित्रच असतो.

आपल्या गोव्यात तर या विषयाला केवढी जागा आहे. बारावीपर्यंत एका बाकावर बसलेल्यांपैकी एक पुण्याला, एक तारवटी म्हणजे खलाशी होऊन बोटीवर, एक ब्रेक्झिटच्या आधीच पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला. मागे राहिलेल्याने काय लिहावं? प्रेयसीच्या विरहासाठी आपल्याकडे तयार प्रतिमांचा ढीग आहे, मित्राच्या जाण्यासाठी जवळजवळ नाहीत. म्हणूनच असं लिहिणाऱ्या पोरांचे पहिले संग्रह मी आवर्जून विकत घेते. फोंडा, डिचोली, पेडण्याकडचं कुणी लिहीत असेल तर नावं इथे नक्की द्या.