गोळी होणारा वाणी: आंबोलीत आणि मादागास्करमध्ये

रानवाटा: परवा आंबोलीच्या पाचोळ्यात सुपारीएवढी काळी गोळी दिसली. पाच-सात मिनिटांनी ती उलगडली, तर आत वाणी, तो पुष्कळ पायांचा किडा! आमची आजी यांना 'पैसा' म्हणायची. मादागास्करमध्ये यांच्या कितीतरी जाती आहेत म्हणे. एकाच बेटावर इतक्या कशा?

पाचोळा: तो आर्थ्रोस्फेरा, म्हणजे आपल्याकडच्या गोळी होणाऱ्या वाण्यांच्या गटातला असणार. मी गेली काही वर्षं यांच्याच मागे आहे, म्हणून थोडं लिहितो. वाण्याला पंख नाहीत, चाल मंद आणि अंग लगेच सुकतं. मधे कोरडा माळ आला की दोन रानांतले वाणी एकमेकांना भेटतच नाहीत. मग प्रत्येक रानात छोटे बदल साठत जातात. नराचे मादीला धरायचे मागचे पाय तर फार बदलतात. जाती ओळखताना आधी तेच पाहतात. मादागास्करच्या काही जाती एकाच डोंगरावर किंवा किनाऱ्यालगतच्या एका रानतुकड्यात सापडतात. तो तुकडा तोडला की जात संपली. याचा मला फार त्रास होतो.

रानवाटा: मग आपला वाणी तिकडच्यांचा कोण?

पाचोळा: नातलगच! तिथला स्फेरोमिमस हा तिथल्याच इतर गोळीवाण्यांपेक्षा आपल्या आर्थ्रोस्फेराला जवळचा आहे. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्याआधीचं हे घराणं असावं.

सह्यमित्र: दादा, नर आवाजही काढतात ना?

पाचोळा: हो, मागचे पाय घासून. मादीने गोळी होऊ नये म्हणून.