'थ्री केम होम'मधला कर्नल सुगा: त्याच्या रडण्याने आपण का विरघळायचे?

जुना प्रेक्षक: "शत्रूलाही माणूस म्हणून दाखवणारा 'थ्री केम होम' (१९५०) हा सर्वांत उदार युद्धपट आहे," असे काल इथे लिहिले गेले, ते वाचून राहवले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी कर्नल सुगा हा बोर्निओ बेटावरच्या सगळ्याच युद्धकैदी छावण्यांचा प्रमुख होता. त्याच्याच अधिकारातल्या सांडाकान छावणीतले सुमारे २,४०० ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैनिक उपासमारीने, मारहाणीने आणि जंगलातल्या सक्तीच्या पायपिटीने संपले. वाचले फक्त सहा. हिरोशिमात बायकामुले गेली म्हणून चित्रपटात तो बोर्निओतल्याच कुचिंगच्या छावणीत आयांसोबत कैद असलेल्या मुलांना खाऊ देताना रडतो आणि आपण विरघळतो, हे मला पटत नाही.

निशिगंध: हा चित्रपट ॲग्नेस कीथ या अमेरिकन लेखिकेच्या आठवणींवर आहे, आणि ही बाई लहान मुलाला घेऊन तीन वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिली होती. अंगावर आलेल्या पहारेकऱ्याविरुद्ध तिने तक्रार केली, तेव्हा ती खोटी असल्याच्या जबाबावर सही करावी म्हणून तिला मारहाण झाली. चित्रपट तेही दाखवतो. मुलाच्या खेळण्यांत टिपणे लपवणाऱ्या बाईने सुगाचा चांगुलपणा नोंदवला असेल, तर तो खोडणारे आपण कोण?

सागरतीर: तुम्ही दोघेही गोऱ्या कैद्यांबद्दलच बोलत आहात. कुचिंगच्या त्याच छावणीत पंजाब रेजिमेंटचे हिंदी जवानही होते. माझे आजोबा सिंगापूर पडले तेव्हा कैद झाले. बेरीबेरीने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने, सुजलेल्या पोटरीवर बोट दाबले की खळगा तसाच राहायचा, आणि शेजाऱ्याचा खळगा आपल्यापेक्षा खोल आहे का, हे रोज पाहिले जाई, असे ते सांगत. भाताची पेज त्यांनी घरात कधी ओतू दिली नाही.

निशिगंध: आजोबांबद्दल आदर आहे, परंतु बायकांच्या छावणीचा विषय निघाला की दर वेळी सैनिकांचीच कथा का सुरू होते, याचा मला मनापासून संताप येतो.

सागरतीर: हा आरोप अन्यायाचा आहे. नवरा जिवंत आहे की नाही, हे ठाऊक नसताना माझी आजी साडेतीन वर्षे कुंकू लावत राहिली, आणि त्यावरून भाऊबंदांची बोलणी खात राहिली. तिच्या हालांवर कुणी चित्रपट काढला नाही.

निशिगंध: आजीचे आधी सांगितले असते, तर मी असे लिहिले नसते. शब्द मागे घेते. मूळ मुद्दा नाही.

जुना प्रेक्षक: ॲग्नेसने पाहिले ते लिहिले, एवढे नाइलाजाने मान्य करतो. परंतु कीथ कुटुंबाचे युद्धापूर्वीचे घर सांडाकानलाच होते. तिथल्या मृतांसाठी पडद्यावर एक वाक्य मागणे मला अजूनही जास्तीचे वाटत नाही.