मदत हवी आहे: एम्ब्रियो ट्रान्सफरच्या आधी ॲक्युपंक्चर करावं का?

नमस्कार. मी नेरुळची, वय 35. पहिलं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) दिवाळीच्या सुमारास फसलं. दोन एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेले गर्भ, गोठवलेले आहेत; पुढच्या महिन्यात ट्रान्सफर, म्हणजे ते गर्भाशयात सोडणार.

नणंदेच्या ओळखीने वाशीत एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे (अंगाला बारीक सुया टोचून उपचार करतात) गेले. म्हणाले, गर्भाशयाचा रक्तपुरवठा सुधारतो, अस्तर जाड होतं, 12 सिटिंग घ्या. माझं अस्तर गेल्या वेळी 9 मिलिमीटर होतं, तरी फसलंच की! कितीजणींना फायदा झाला विचारलं, तर भिंतीवरचे बाळांचे फोटो दाखवले आणि 2002 च्या कुठल्याशा जर्मन अभ्यासाचा कागद हातात दिला. निम्मे पैसे भरून बसलेय.

खोटं कशाला बोलू, पहिल्या सिटिंगला अर्धा तास पडले आणि चक्क झोप लागली. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती. सुया केसाएवढ्या बारीक, कंबरेतल्या प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकायला देतात त्या हार्मोनच्या) इंजेक्शनापुढे काहीच नाहीत.

डॉक्टर म्हणतात, "हवं तर करा, पण औषधं बंद करू नका." यावरून काय समजायचं? शिवाय मला इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू होणार आहे. त्यात सुया चालतात?

घोडबंदरकर: ताई, त्या जर्मन अभ्यासात 160 जणी होत्या. सुया घेतलेल्यांत 42.5 टक्के गर्भधारणा, बाकीच्यांत 26.3. पण बाकीच्यांना सुयांचं नाटकसुद्धा केलेलं नव्हतं, म्हणजे सुयांचा गुण की मनाचा, कसं कळणार? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 848 जणींवर ते नाटक करून पाहिलं, म्हणजे निम्म्यांना कातडीत न शिरणाऱ्या सुया. 2018 मध्ये निकाल आला: खऱ्या सुयांत 18.3 टक्के जणींना बाळ झालं, खोट्यांत 17.8. फरक नाहीच म्हणा ना.

कोपरीची_माई: मी दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं, झोपेसाठी म्हणून. बाळ ट्रान्सफरने झालं, सुयांनी झालं असं मी म्हणणार नाही. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर त्यांना आधी सांग, काळंनिळं पडतं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव, सुया एकदाच वापरायच्या. ट्रान्सफरच्या दिवशी मात्र क्लिनिक, वाशी, परत घर अशी रिक्षाची वणवण करू नकोस गं.

धागाकर्ती: आभार दोघांचे. डॉक्टर हो म्हणाले तर चार सिटिंग घेते, झोपेपुरत्या. बाकीचे पैसे आज परत मागते, देतात का बघू.