स्टेन्सिल पुसायला आयपीए बंद करायचं का?

भोसरी_लाइन२: आमच्या एसएमटी लाइनवर (सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवायची लाइन) प्रिंटर स्टेन्सिल, म्हणजे सोल्डर पेस्ट छापायचा भोकांचा स्टीलचा पत्रा, खालून पुसतो त्यात पहिल्यापासून आयपीएच (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालतो. माझं मत, आता पाण्यावालं क्लीनर घ्यावं. आयपीएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो) 12 अंश, म्हणजे डिसेंबरातली पहाट सोडली तर भोसरीत तो वर्षभर पेटायला तयारच. त्यात एसी बंद पडला की सगळ्या फ्लोअरला वास, नाइटच्या पोरांचं डोकं धरतं.

जुना_ऑपरेटर: अहो कशाला घाबरवताय! इतकी वर्षं वापरतोय, आत लायटर घेऊन कोण जातं? आयपीए झटकन उडतो, मागे ओल नाही. ते पाण्यावालं नीट वाळलं नाही ना, की पुढची दोन-चार बोर्डं खराब, आणि किंमत बघितलीत का?

सोल्डर_गोळी: दादा, ठिणगीला लायटर कशाला लागतो, पुसायचा कोरडा रोल स्टीलवर घासला की स्टॅटिक तयार. वाफ हवेपेक्षा जड, खाली मशीनच्या पोटात साचते, आणि हवेत 2 टक्के झाली तरी पेटू शकते. पण मला आगीपेक्षा प्रिंटची काळजी जास्त. झटकन उडतो म्हणताय तीच तर गोची आहे, पेस्टमधला चिकट फ्लक्स अर्धवट सुटतो तोवर हा गायब, मग सोल्डरच्या बारीक गोळ्या भोकाच्या भिंतीला चिकटून राहतात. 0.4 मिमी पिचच्या बीजीएला (खाली सोल्डरचे ठिपके दाटीने असलेली चिप) भिंग लावून बघा एकदा. आणि जास्त फवारला तर भोकातून वर जाऊन पेस्ट पातळ करतो, मग शॉर्ट शोधत बसा.

फक्त_वाचतो: मग न पेटणारं घ्या की, एनपीबी (एन-प्रोपिल ब्रोमाइड) नाहीतर ट्रायक्लो (ट्रायक्लोरोएथिलीन). विषय संपला.

सोल्डर_गोळी: नको रे बाबा! पेटत नाही म्हणजे सुरक्षित असं कुणी सांगितलं? एनपीबी नसांवर जातं, पाय बधिर होतात माणसाचे, आणि ट्रायक्लो माणसात कॅन्सर करतं म्हणून आयएआरसीच्या (आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था) वर्ग 1 मध्ये आहे. डबा घ्यायच्या आधी एसडीएस (सुरक्षेचं माहितीपत्रक) तरी वाचा.

भोसरी_लाइन२: आमच्याकडे एकाने आयपीए संपला म्हणून रंगवाल्याचा थिनर ओतला होता, स्टेन्सिल धुवायला. दुसऱ्या दिवशी बघतो तर फ्रेमजवळची, पत्रा ताणून धरणारी जाळी एका कोपऱ्यात सुटलेली, गोंदच मऊ पडला होता. पाण्यावाल्यालाही हे लागू आहे हां, लवकर निघावं म्हणून फार गरम केलं की तोच गोंद ढिला.

जुना_ऑपरेटर: थिनरचं मान्य, तो गाढवपणाच. पण पाण्यावालं आणलं तर वाइपचं सेटिंग कोण बदलणार? ओलं, मग व्हॅक्यूम, मग कोरडं, म्हणजे सायकल टाइम वाढला. प्लॅनिंगवाल्यांना तुम्ही सांगा, मी नाही सांगणार.

भोसरी_लाइन२: सांगतो. सोमवारपासून एका प्रिंटरवर लावतो, एसपीआयचे (छापलेली पेस्ट तपासणारं मशीन) आकडे इथेच टाकेन. तोवर ते भिजलेले रोल तरी उघड्या डब्यात कोंबू नका, झाकणाचा डबा आणलाय मी मुद्दाम, त्यात कुणीतरी चहाचे कप टाकतंय.