अ‍ॅस्टिग्मॅटिझमला घरात काय म्हणायचं?

परळकर
आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फेको म्हणजे बारीक चिरेचं मशीनवालं ते नाही, बिनटाक्याचं दुसरं. दिसायला लागलंय पण प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरची अक्षरं डबल दिसतात म्हणते. डॉक्टर म्हणाले कॉर्नियाचा शेप जरा बदललाय, अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे, चष्म्याने जाईल. मी दृष्टिवैषम्य सांगितलं तर म्हणे हा आणि कुठला रोग! साधा शब्द आहे का?

गिरगाव
अबिंदुकता पण आहे. मुळाला धरून आहे तो, ग्रीक स्टिग्मा म्हणजे बिंदू, किरण एका बिंदूत जमत नाहीत म्हणून अ-बिंदू. थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातला हा दोष लिहून ठेवला तेव्हा त्याला नावच नव्हतं, ते नंतर व्ह्यूएल या इंग्रज विद्वानाने दिलं. म्हणजे आत्याचा मोतीबिंदू गेला आणि अबिंदुकता आली :) पण हा शब्द परीक्षेच्या पेपरातच बरा.

चष्मेवाला दादर
काउंटरवर एकच शब्द चालतो, सिलिंडर. गिऱ्हाईक विचारतं गॅसचा का, हसतं आणि लक्षात ठेवतं. कागदावर सिलिंडरपुढे अ‍ॅक्सिस असतो, ती नंबरची दिशा, फ्रेममध्ये काच थोडी जरी फिरली तरी चष्मा बोचतो, डोकं धरतं.

परळकर
आणि कॉर्नियाला? पडदा म्हणू?

गिरगाव
पडदा अजिबात नको, लोक पडदा डोळ्याच्या मागच्या रेटिनाला म्हणतात, आत्या घाबरेल. पुस्तकात पारपटल किंवा स्वच्छमंडल. पेपरवाले बुबुळ प्रत्यारोपण लिहितात तेव्हा बदलतात कॉर्नियाच, पण बोलताना बुबुळ म्हणजे डोळ्यातला काळा भाग, त्याच्यावरची पारदर्शक काच कोणी मोजतच नाही. मला विचाराल तर बुबुळावरची काच म्हणा, मोकळे व्हा.

ऑप्टोमेट्रीवाली
काच शब्द मस्त, मी ओपीडीत हेच वापरते. आता गोष्ट अशी की या ऑपरेशनमध्ये पांढऱ्या भागात साधारण ६ ते ७ मिमीची चीर देऊन आत बोगदा करतात, तो आतल्या प्रेशरनेच मिटतो म्हणून टाका लागत नाही. फेकोची चीर ३ मिमीच्या आतली. चीर वरून दिली की काच उभ्या दिशेत जरा सपाट होते, आडवी तशीच राहते, मग ती चमच्याच्या पाठीसारखी, एकीकडे जास्त गोल एकीकडे कमी. वयाबरोबर काच तशीही याच आकाराकडे झुकते त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत दोन्हीची बेरीज होते, म्हणून बरेच सर्जन कानाच्या बाजूने चीर देतात, तिथून काचेचा मध्य लांब पडतो आणि शेप कमी बिघडतो. पूर्वी १०-१२ मिमीची चीर आणि टाके असायचे तेव्हा उलटं व्हायचं, टाका घट्ट बसला की त्या दिशेची काच जास्त गोल व्हायची, मग काही आठवड्यांनी टाका कापला की नंबर उतरायचा. म्हणून आत्याला म्हणा "काचेची गोलाई उभी-आडवी सारखी नाही." वैषम्य वगैरे राहू दे.

चष्मेवाला दादर
आणि आठवड्यात चष्मा करायला आणू नका बाबांनो, महिना-दीड महिना जाऊ द्या, तोवर नंबर हलतो आणि काचेचे पैसे वाया.

ऑप्टोमेट्रीवाली
बरोबर. पण डोळा दुखत असेल, लाल झाला किंवा नजर अचानक उतरली तर ते सिलिंडरचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

परळकर
काचेची गोलाई सांगितलं, पटलं. आता म्हणते शेजारच्या काकूंना वडस आहे त्यांचीही गोलाई बिघडते का?

ऑप्टोमेट्रीवाली
हो, वडस म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वाढणारं मांस, ते बुबुळावर चढलं की तेही काच ओढतं, सिलिंडर वाढतो. वडस शब्द मात्र टेरिजियमपेक्षा शंभर पटीने सोपा, तो टिकवा.